मेल, तारखा आणि कामांची यादी : जुन्या कॉम्प्युटरवर हलकी व्यवस्था कशी बसवायची?

बेळगाव : उद्यमबागेतील एका छोट्या मशीन शॉपच्या दारात टेम्पो उभा होता. कोल्हापूरच्या ग्राहकाचा माल भरून तयार, बिल तयार, पण ई-वे बिल काही केल्या निघेना. पोर्टलवर लॉगिन केल्यावर कळलं की जीएसटी नोंदणीच निलंबित झालेली आहे. शेड बदलली होती, पण त्याची दुरुस्ती नोंदणीत केलेली नव्हती. त्यावरून कारणे दाखवा नोटीस (आरईजी-१७) निघाली होती आणि ती मेलवर येऊन बारा दिवस उलटले होते. या नोटिशीला उत्तर देण्याची मुदत असते सात कामकाजाच्या दिवसांची.

मेल कोणी लपवला नव्हता. तो इनबॉक्समध्येच होता, न वाचलेल्या नऊ हजार मेलच्या ढिगात. शिवाय ऑफिसचा कॉम्प्युटर चार जीबी रॅमचा. एका बाजूला टॅली, दुसरीकडे ब्राउझर, त्यात मेल, कॅलेंडर, बँक आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब. मेल उघडायचं म्हटलं की चाक फिरत राहायचं. त्यामुळे अकाउंट्स बघणारी मुलगी ग्राहकाचा फोन आला तरच मेल उघडायची. "पीओ पाठवलाय, बघा" असा निरोप आला की मेल, नाहीतर नाही.

अशी ऑफिसं बेळगावात आहेत, तशी निपाणी, म्हापसा, इंदूर, बडोद्यातही सापडतील. नवा कॉम्प्युटर घेणं हा एक उपाय आहेच. पण त्याआधी करून बघण्यासारखी आणि पैसे न लागणारी एक गोष्ट आहे. मेल, तारखा आणि कामांची यादी ही तीन कामं एकाच जड खिडकीतून बाहेर काढायची आणि तीन हलक्या जागी ठेवायची. ते कसं करायचं, त्यात काय मिळतं आणि काय हातचं जातं, ते पाहू.

जडपणा आला कुठून?

ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं की फक्त पत्रं उघडत नाहीत. चॅट, मीटिंगची सोय, बाजूला कॅलेंडर, कामांची यादी, संपर्क, सगळा संसार एका टॅबमध्ये येतो. एकटा टॅब शेकडो एमबी रॅम सहज घेतो. पूर्वी कमी ताकदीच्या कॉम्प्युटरसाठी आणि मंद इंटरनेटसाठी जीमेलचं एक साधं रूप होतं. दिसायला ओबडधोबड, पण पटकन उघडणारं. गुगलने ते २०२४ च्या सुरुवातीला बंद केलं. विंडोजसोबत येणारं साधं मेल आणि कॅलेंडर अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवलं आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळवलं. हे नवं आउटलुक आतून वेबपानासारखंच चालतं. त्यात दुसऱ्या कंपनीचं मेल खातं जोडलं तर त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही जाते, हे अनेकांना ठाऊक नसतं. चालू करताना ते विचारतं खरं, पण "कंटिन्यू" दाबण्याआधी वाचतो कोण?

त्यात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वेगळी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात, पण विंडोज ११ जुन्या बऱ्याच मशिनवर चढतच नाही. लिनक्स हा मार्ग घरच्या वापराला उत्तम आहे. मात्र ज्या ऑफिसात टॅली आहे, डिजिटल सहीचा डोंगल आहे आणि कर भरण्याच्या युटिलिटी चालवायच्या आहेत, तिथे विंडोज सोडून जाणं आजही त्रासाचं आहे. म्हणजे मशीन तेच, विंडोज तेच, आणि त्यावरचं ओझं कमी करायचं, एवढंच हातात उरतं.

काहीही बदलण्याआधी एक मोजणी करावी. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की कोणता टॅब किती मेमरी खातो, त्याची यादी येते. विंडोजसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप. मेलचा टॅब वरच्या दोन-तीन नावांत असेल तर पुढचं सगळं उपयोगाचं आहे. पण मेमरी मोकळी असून डिस्क मात्र सतत शंभर टक्के दाखवत असेल, तर दोष मेलचा नाही, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. अशा मशिनला एसएसडी बसवली की जो फरक पडतो, तो कोणतंही अ‍ॅप बदलून पडणार नाही. हे आधी तपासलं नाही तर महिनाभर मेहनत करून माणूस म्हणतो, "काही फरक नाही बघा."

मेल : खिडकी बदलायची, पत्ता नाही

बऱ्याच जणांची पहिली भीती ही की हलकं अ‍ॅप घ्यायचं म्हणजे मेल आयडी बदलायचा. तसं अजिबात नाही. मेल सर्व्हरवर असतो, आपण फक्त तो कोणत्या खिडकीतून बघायचा ते ठरवतो. ही सोय ज्या पद्धतीमुळे आहे तिचं नाव आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना ती तयार केली. आयमॅपमध्ये पत्र सर्व्हरवरच राहतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचलं तर मालकाच्या फोनवरही ते वाचलेलं दिसतं. याच्याआधीची पद्धत पीओपी. त्यात पत्र कॉम्प्युटरवर उतरतं आणि "सर्व्हरवर प्रत ठेवा" ही खूण केलेली नसेल तर सर्व्हरवरून पुसलं जातं. जुन्या ऑफिसांत पीओपी लावून ठेवलेलं असतं आणि एके दिवशी हार्ड डिस्क गेली की दहा वर्षांचा पत्रव्यवहार जातो. तेव्हा नवं अ‍ॅप लावताना ते आयमॅपवरच लागलंय ना, एवढं डोळ्यांनी बघावं.

कॉम्प्युटरसाठी सर्वात सोपा पर्याय थंडरबर्ड. २००४ पासून चालत आलेलं, मोफत, खुल्या स्वरूपाचं. मेल, कॅलेंडर आणि कामांची यादी तिन्ही त्यात आहेत. जीमेलचा पत्ता टाकला की सर्व्हरचे तपशील ते स्वतः भरतं, गुगलची लॉगिन खिडकी उघडते, परवानगी दिली की काम झालं. मात्र स्पष्ट सांगायला हवं की थंडरबर्ड काही फार सडपातळ नाही. पंधरा जीबी भरलेला मेलबॉक्स जसाच्या तसा जोडला तर पहिले दोन दिवस ते सगळं उतरवत बसतं आणि लोक वैतागून काढून टाकतात. हे टाळायला तीन गोष्टी आधी करायच्या.

जीमेलच्या सेटिंगमध्ये, ब्राउझरमधूनच, लेबलच्या यादीत "ऑल मेल" या लेबलसमोरची "आयमॅपमध्ये दाखवा" ही खूण काढायची. नाहीतर प्रत्येक पत्र दोनदा उतरतं, एकदा इनबॉक्समध्ये आणि एकदा तिथे. त्याच सेटिंगमध्ये आयमॅपच्या पानावर एका फोल्डरमध्ये जास्तीत जास्त किती पत्रं दाखवायची ते ठरवता येतं, हजारापासून दहा हजारांपर्यंत. छोट्या ऑफिसला दोन हजार पुरेत. तिसरी गोष्ट थंडरबर्डमधली : खात्याच्या सेटिंगमध्ये "सिंक्रोनायझेशन" या पानावर अलीकडच्या ठरावीक दिवसांचेच मेल कॉम्प्युटरवर ठेवण्याची सोय आहे. तिथे ९० दिवस टाकले की एक तिमाही हाताशी राहते. जुनी पत्रं कुठेही जात नाहीत, सर्व्हरवर असतात. लागली तर ब्राउझरमधून शोधायची.

याहून हलकं हवं असेल तर क्लॉज मेल आहे. अगदी जुन्या मशिनवरही ते पटकन उघडतं. पण त्याची किंमत आहे. त्यातून लिहिलेलं पत्र साधा मजकूरच असतं, रंगीत कोष्टक आणि लोगो नाहीत. जीमेल जोडायला सोपा मार्ग म्हणजे खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा "अ‍ॅप पासवर्ड" घेणं, कारण नेहमीचा पासवर्ड अशा बाहेरच्या अ‍ॅपमध्ये गुगल आता चालू देत नाही. दरपत्रक एक्सेल किंवा पीडीएफमध्ये जोडून पाठवणाऱ्याला क्लॉज चालेल. मेलच्या आतच तक्ते करून पाठवायची सवय असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

फोनवर थंडरबर्डचंच अँड्रॉइड अ‍ॅप आहे. पूर्वीचं के-९ मेल ते हेच, ऑक्टोबर २०२४ पासून नव्या नावाने मिळू लागलं. फेअरईमेल हे दुसरं, सेटिंग खूप असलेलं आणि म्हणून काहींना गोंधळात टाकणारं. दोन्हींत ऑफिसचा मेल आणि घरचा मेल वेगळा ठेवता येतो. रात्री जेवताना कोणत्या मेलची घंटा वाजावी हे आपण ठरवू शकतो, हा फायदा छोटा वाटला तरी घरच्यांना विचारून बघा.

नोटीस ढिगात जाऊ नये म्हणून

उघडायला हलकं झालं तरी नऊ हजार पत्रांचा ढीग तसाच राहिला तर उपयोग काय? तो उपसत बसू नये. एक "जुने" नावाचं फोल्डर करून महिन्याभरापूर्वीचं सगळं एका झटक्यात तिकडे हलवावं. त्याआधी फक्त जीएसटी, आयकर, पीएफ आणि बँक हे शब्द टाकून शोध घ्यावा आणि काही राहिलंय का ते बघावं. हा अर्धा तास चुकवू नये.

मग फिल्टर. जीमेलमध्येच, म्हणजे सर्व्हरवर, असा नियम लावावा की जीएसटी.गव्ह.इन आणि इन्कमटॅक्स.गव्ह.इन या पत्त्यांवरून आलेलं प्रत्येक पत्र "सरकारी" या लेबलखाली जाईल, त्याला तारा लागेल आणि ते स्पॅममध्ये कधीच टाकलं जाणार नाही. नियम सर्व्हरवर लावला की तो फोनवर, कॉम्प्युटरवर, सगळीकडे लागू होतो. थंडरबर्डमध्येच लावला तर ऑफिसचा कॉम्प्युटर बंद असताना तो झोपलेला असतो. सरकारी नावाने येणारे बनावट मेलही बरेच असतात, म्हणून मेलमधल्या लिंकवर टिचकी न मारता पोर्टल स्वतः उघडून नोटीस तिथे आहे का ते बघण्याची सवय हवी. खरी नोटीस पोर्टलवर असतेच.

याहून मोठी गोम वेगळीच आहे, आणि ती कोणत्याही अ‍ॅपने सुटत नाही. जीएसटी नोंदणी करताना मेल आयडी कोणाचा दिला होता? अनेक ठिकाणी तो कर सल्लागाराचा असतो. काही ठिकाणी तर सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. कायद्याने नोटीस मेलवर पाठवली किंवा पोर्टलवर ठेवली तरी ती बजावली असं धरलं जातं. मालकाने ती पाहिली की नाही, हा प्रश्न विचारला जात नाही. मेल आणि मोबाइल नंबर बदलणं ही "नॉन-कोअर" दुरुस्ती आहे, त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, ओटीपीवर काम होतं. व्यवसायाची जागा बदलली तर मात्र ती "कोअर" दुरुस्ती आणि ती १५ दिवसांत करायची असते. उद्यमबागेतल्या त्या मशीन शॉपचं घोडं नेमकं इथेच अडलं. आयकराच्या पोर्टलवर मुख्य मेलसोबत दुसरा मेल देण्याचीही सोय आहे. एक मालकाचा आणि एक ऑफिसचा द्यावा.

तारखा : भिंतीवरचं आणि फोनमधलं

मराठी माणसाला सर्वात हलकं कॅलेंडर कोणतं हे सांगायला नको. १९७३ पासून कालनिर्णय भिंतीवर आहे. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, गावची जत्रा, सगळं त्यावर पेनाने लिहिलेलं. बॅटरी लागत नाही, हँग होत नाही. उणीव एकच, ते ओरडून आठवण करत नाही आणि टेम्पोबरोबर गोव्याला गेलेल्या मालकाला दिसत नाही.

फोन आणि कॉम्प्युटरवरच्या कॅलेंडरांची एक समान भाषा आहे. आयकॅलेंडर या नावाने तिचं मानक १९९८ मध्ये ठरलं आणि २००९ मध्ये सुधारलं गेलं. ज्या फाईलच्या शेवटी आयसीएस असतं ती याच भाषेत असते. रेल्वेचं तिकीट असो, मीटिंगचं निमंत्रण असो, ती फाईल कोणत्याही कॅलेंडरमध्ये उघडते. आणि दोन्ही बाजूंनी बदल करता येतील अशी जोडणी हवी असेल तर कॅलडॅव्ह ही पद्धत आहे. थंडरबर्डमध्ये गुगलचं कॅलेंडर याच पद्धतीने जोडलं जातं, त्यासाठी ब्राउझर उघडा ठेवावा लागत नाही. फोनवर एटार नावाचं साधं मोफत अ‍ॅप आहे. ते फोनमधलीच कॅलेंडरं दाखवतं, स्वतःचं काही वाढवत नाही.

कॅलेंडर हलकं ठेवायचं तर त्यात काय टाकायचं नाही हे ठरवणं महत्त्वाचं. तारीख आणि वेळ ठरलेली गोष्टच कॅलेंडरमध्ये. "पाटलांना फोन करणे" हे कॅलेंडरात टाकलं की ते रोज पुढे ढकलावं लागतं, आणि पुढे ढकलायची सवय लागली की खरी तारीखही ढकलली जाते.

व्यापाऱ्याच्या ठरलेल्या तारखा फारशा नाहीत. दर महिन्याला ७ तारखेला टीडीएस भरणा (मार्च महिन्याचा ३० एप्रिलपर्यंत), ११ ला जीएसटीआर-१, १४ ला जीएसटीआर-२बी तयार होतं ते तपासणं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. कर्नाटकातला व्यवसाय करही २० तारखेचाच. आगाऊ आयकराच्या चार तारखा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेले आणि तिमाही विवरणाची योजना घेतलेले असतील तर ३बी तिमाहीनंतरच्या महिन्याच्या २२ तारखेला. ही २२ तारीख राज्यागणिक बदलते, दिल्ली, राजस्थान, उत्तर प्रदेशाला ती २४ आहे. पण कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि तेलंगणा हे सगळे २२ च्याच गटात येतात. म्हणजे बेळगावच्या दुकानदाराने केलेली कॅलेंडर फाईल बडोद्याच्या मेहुण्याला जशीच्या तशी पाठवता येईल. सरकार कधी कधी मुदत वाढवतं, त्याची वाट पाहून आठवण उशिराची लावू नये. ३बी उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (व्यवहार शून्य असेल तर २०) आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, हे लागतंच.

प्रत्येक नोंद एकदाच "दर महिन्याला" अशी करावी आणि आठवण तीन दिवस आधीची लावावी. शेवटच्या दिवशीची आठवण ही आठवण नसते, पोर्टल बंद पडल्याची बातमी असते.

सीमाभागातल्या धंद्याला आणखी एक अडचण आहे, सुट्ट्यांची. फोनमध्ये येणारी "भारतातील सुट्ट्या" ही यादी राज्य बघत नाही. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी, कर्नाटकात नाही. १ नोव्हेंबरला बेळगावातली बँक बंद, चंदगडची चालू. ३ डिसेंबर आणि १९ डिसेंबरला गोव्यात सुट्टी, इथे नाही. कोल्हापूरला चेक जमा करायचा असो की म्हापशाला माल उतरवायचा असो, हे दिवस आडवे येतातच. उपाय सोपा आहे. तीन राज्यांसाठी तीन वेगळी कॅलेंडरं, तीन रंग, वर्षाच्या सुरुवातीला तासभर बसून भरायची आणि नको तेव्हा एका खुणेने लपवायची.

फोनवरच्या आठवणींबाबत एक सावधगिरी. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप गुपचूप बंद करतात. अ‍ॅप नवं लावल्यावर बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला सूट द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एक खोटी आठवण लावून ती वाजते का ते पाहावं. वाजली नाही तर अजून जुनी व्यवस्था बंद करू नये.

कामांची यादी : साधी फाईलसुद्धा पुरे

कामांच्या याद्या ठेवणारी अ‍ॅप लोकांना फार आवडतात आणि फार लवकर बंदही पडतात. अ‍ॅस्ट्रिड नावाचं अँड्रॉइडवरचं लोकप्रिय अ‍ॅप २०१३ मध्ये याहूने विकत घेतलं आणि त्याच वर्षी बंद केलं. वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं, मे २०२० मध्ये संपवलं. गुगलचं स्वतःचं इनबॉक्स हे मेल अ‍ॅप एप्रिल २०१९ मध्ये गेलं. वाईट होतं म्हणून नव्हे, मालकाचा हिशेब बदलला म्हणून. अ‍ॅस्ट्रिडचा कोड खुला होता, त्यातूनच आजचं टास्क्स.ऑर्ग हे अ‍ॅप उभं राहिलं, हा त्यातला चांगला भाग.

म्हणून यादी अशा रूपात असावी की अ‍ॅप गेलं तरी यादी राहील. साधी मजकुराची फाईल हे त्याचं सर्वात टिकाऊ रूप. जीना त्रापानी या अमेरिकन लेखिकेने २००६ मध्ये टूडू.टीएक्सटी नावाची पद्धत मांडली. एका ओळीत एक काम. महत्त्वाचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला कंसात इंग्रजी मोठं अक्षर. कोणत्या कामाशी संबंधित ते अधिक चिन्हापुढे, कुठे करायचं ते @ चिन्हापुढे. झालं की सुरुवातीला इंग्रजी एक्स. एवढंच. "बेअरिंगचा दर विचारणे +गिअरबॉक्स @फोन" अशी ओळ कोणालाही न शिकवता कळते. नोटपॅडमध्ये ही फाईल पापणी लवायच्या आत उघडते. "@फोन" शोधलं की फोनवरची सगळी कामं एकामागून एक सापडतात.

मराठीत लिहिताना दोन गोष्टी पाळाव्यात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायचा. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये लिहिलेली यादी फोनवर उघडली की अगम्य चिन्हांची खिचडी दिसते, आणि हैदराबादच्या भावाला पाठवलेलं पत्रही तसंच दिसतं. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत नोटपॅड फाईल यूटीएफ-८ मध्येच साठवतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. दुसरं, तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि इंग्रजी आकड्यांत लिहाव्यात. त्यामुळे यादी क्रमाने लावली की तारखा आपोआप ओळीत येतात.

ज्यांना फाईल नको, त्यांना टास्क्स.ऑर्ग किंवा थंडरबर्डमधली यादी बरी. गुगल टास्क्स वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, ती यादी कॅलडॅव्हवरून बाहेर येत नाही. कॅलेंडर जोडलं तरी कामं गुगलच्याच अ‍ॅपमध्ये राहतात. थंडरबर्ड जोडून "माझी यादी कुठे गेली?" म्हणून घाबरणारे असतात, त्याचं कारण हे.

आणि वही? वही चालते. अट इतकीच की ऑफिसात दोन माणसं वेगवेगळ्या वह्यांत एकच काम लिहीत नसावीत.

बदलताना काय सांभाळायचं

जुनं बंद करून नवं चालू, असं एका रविवारी करू नये. १ तारखेपासून २० तारखेपर्यंत दोन्ही व्यवस्था शेजारी चालवाव्यात, म्हणजे जीएसटीचा एक पूर्ण फेरा त्यातून जातो. सुरुवात करण्याआधी गुगल टेकआउट या सोयीतून सगळ्या मेलची आणि कॅलेंडरची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावी. मेल एमबॉक्स नावाच्या रूपात येतो, कॅलेंडर आयसीएसमध्ये. दोन्ही खुली रूपं आहेत.

हातचं जातं ते मुख्यतः शोधणं. तीन वर्षांपूर्वीचं दरपत्रक जीमेलमध्ये एका शब्दावर सापडतं, ९० दिवसांच्या थंडरबर्डमध्ये सापडत नाही. तेवढ्यापुरता ब्राउझर उघडावा, काम झालं की बंद करावा. स्पॅमची चाळणी मात्र सर्व्हरवरच होत असल्याने ती तशीच राहते. दुसरा धोका असा की थंडरबर्ड किंवा क्लॉजमध्ये मेल कॉम्प्युटरवर उघड्या स्वरूपात साठतो. चार जण एकच कॉम्प्युटर वापरत असतील तर विंडोजला पासवर्ड आणि प्रत्येकाचं वेगळं खातं हवंच, नाहीतर पगाराची पत्रं चहावाल्याच्या पोरालाही दिसतील. महिन्यातून एकदा थंडरबर्डमध्ये फोल्डर "कॉम्पॅक्ट" करावं, कारण पुसलेली पत्रं तोवर डिस्कवर जागा अडवून असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ऑर्डरींना यातलं काहीच लागू नाही. त्या रोज संध्याकाळी यादीत उतरवून घेणं हे माणसाचंच काम राहतं.

मशीन शॉपने त्याच दिवशी सल्लागाराकडून उत्तर दाखल केलं. नव्या शेडचा भाडेकरार आणि वीजबिल जोडलं, जागेच्या दुरुस्तीचा अर्जही दिला. नोंदणी रद्द झाल्याचा आदेश अजून निघालेला नव्हता, हे नशीब. तो निघाला असता तर ९० दिवसांत वेगळा अर्ज करून नोंदणी परत मिळवण्याची लांबलचक प्रक्रिया करावी लागली असती. निलंबन उठल्यावर माल कोल्हापूरला गेला, ग्राहकाने मात्र पुढची ऑर्डर दोघांत वाटून दिली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आता सकाळी टॅलीच्या आधी थंडरबर्ड उघडतं. पोर्टलवर नोंदलेला मेल आयडी मालकाचा आहे, आणि "सरकारी" लेबलची घंटा त्यांच्या फोनवर वाजते.